बुजवलेलं पाणी, अडवलेले रस्ते

25 जुलै 1886, रविवार. ॲम्स्टरडॅमच्या योर्दान या कष्टकऱ्यांच्या वस्तीत लिंडेनग्राख्त नावाच्या कालव्यावर आडवा दोर ताणलेला होता आणि दोराला जिवंत ईल मासा बांधलेला होता. होडीत उभं राहून दोराखालून जायचं आणि तो बुळबुळीत, वळवळणारा मासा ओढून काढायचा, असा हा जुना खेळ. तोल गेला की माणूस थेट पाण्यात, आणि काठावरची गर्दी खूश. क्रूर म्हणून या खेळावर बंदी होती. पोलिसांनी दोर कापला, बाचाबाची झाली आणि बघता बघता सगळी वस्ती रस्त्यावर आली. दुसऱ्या दिवशी लष्कराने गोळीबार केला. 26 माणसं मेली.

एका माशापायी 26 जीव गेले, यामागचं कारण त्या वस्तीच्या घरांत सापडतं. योर्दानमध्ये एकेका खोलीत, कित्येकदा तळघरात, अख्खी कुटुंबं राहायची. घरात नळ नाही, संडास नाही. समुद्रकाठच्या वाळूच्या टेकड्यांमधलं गोडं पाणी 1853 मध्ये शहराच्या वेशीपर्यंत आलं, तेव्हा ते बादलीला एक सेंट या दराने विकलं जायचं. मैला पिंपात साठवायचा आणि तो न्यायला गाडी यायची. बोल्डोट हे तेव्हाच्या नामांकित अत्तरवाल्याचं नाव. लोकांनी मैल्याच्या गाडीला 'बोल्डोटची गाडी' म्हणायला सुरुवात केली, आणि तेच नाव टिकलं. उरलेली सगळी घाण दारापुढच्या कालव्यात जायची. उन्हाळ्यात पाणी हिरवंकाळं पडून असा वास सुटे की खिडक्या बंद ठेवाव्या लागत, आणि बंद खिडकीआड एका खोलीत सात-आठ माणसं.

त्यामुळे 1857 पासून योर्दानमधले कालवे एकामागून एक बुजवले जाऊ लागले तेव्हा ती सुधारणाच होती. दंग्यानंतर नऊ वर्षांनी, 1895 मध्ये, लिंडेनग्राख्तही बुजला. आज तिथे रुंद रस्ता आहे आणि दर शनिवारी बाजार भरतो. रस्त्याच्या नावातला 'ग्राख्त', म्हणजे कालवा, तेवढा राहिला. पर्यटकांच्या फोटोंतून डच शहरांची जी ओळख जगभर झाली आहे, तिच्यात हा भाग येत नाही. ज्यांच्या उंबऱ्याशी ते पाणी होतं, त्यांना ते नकोसं झालेलं होतं.

पाणी हवं असणारे लोक वेगळे होते. 1901 च्या सुमाराला ट्रामसाठी रेगुलिर्सग्राख्त बुजवायचा घाट घातला गेला, तेव्हा चित्रकार यान फेथ यांनी 'शहराची विटंबना' अशा शब्दांत त्याच्यावर जाहीर टीका केली. आवाज उठवणारे बहुतेक चित्रकार, वास्तुरचनाकार, शिकलेसवरलेले नागरिक. कालवा वाचला. आज एका ठिकाणी उभं राहून ओळीने सात पूल दिसतात म्हणून लोक जिथे गर्दी करतात, तो हाच. एकाच शहरात, चालत जाता येईल इतक्या अंतरावर, एका वस्तीला पाणी बुजल्याने सुटल्यासारखं वाटत होतं आणि दुसरीकडे पाणी वाचवायला सभा भरत होत्या. डच शहरांच्या पुढच्या शंभर वर्षांच्या इतिहासातली सगळ्यात महत्त्वाची घडामोड कोणती म्हणाल, तर या दोन नजरा एक झाल्या, ही. त्यासाठी मध्ये बऱ्याच वाईट गोष्टी घडाव्या लागल्या.

त्यातली सगळ्यात वाईट म्हणजे युद्ध. 14 मे 1940 रोजी जर्मन विमानांनी रॉटरडॅमचं केंद्र पंधरा मिनिटांत होत्याचं नव्हतं केलं. बॉम्ब आणि पाठोपाठ लागलेल्या आगींनी सुमारे 80,000 लोक बेघर झाले. ॲम्स्टरडॅमवर असा हल्ला झाला नाही. तिथे विध्वंस वेगळ्या वाटेने आला. न्यूमार्क्ट आणि वाटरलोप्लेनच्या परिसरात शतकानुशतकं ज्यूंची वस्ती होती. 1942 च्या उन्हाळ्यापासून त्यांना गाड्यांत भरून छळछावण्यांकडे नेलं गेलं. ॲम्स्टरडॅममधले साधारण 80,000 ज्यू. त्यांतले बहुतेक परतले नाहीत. घरं रिकामी राहिली. मग 1944-45 चा हिवाळा आला, डच लोक ज्याला आजही 'भुकेचा हिवाळा' म्हणतात तो. कोळसा संपला, वीज गेली. थंडीने काकडलेल्या लोकांनी या रिकाम्या घरांतल्या तुळया, जिने, फळ्या उपसून चुलीत घातल्या. ॲम्स्टरडॅमची घरं दाटीवाटीने, एकमेकांच्या आधाराने उभी असतात. आतलं लाकूड गेलं तशी ती ढासळली.

युद्धानंतर नगररचनाकारांच्या नकाशावर हा परिसर म्हणजे रिकामी जागा होती. रस्ता काढायला सोयीची.

रस्त्यांची निकड तर होतीच. 1960 मध्ये नेदरलँड्समध्ये साधारण 5 लाख मोटारी होत्या. दहा वर्षांत त्या 20 लाखांच्या वर गेल्या. शहरं सतराव्या शतकात होड्या आणि हातगाड्यांसाठी आखलेली. मोटार ठेवायची कुठे आणि चालवायची कुठे? 1954 मध्ये ॲम्स्टरडॅमचे पोलीसप्रमुख हेंड्रिक कासयाखर यांनी सरळ सुचवलं की बरेचसे कालवे बुजवून रस्ते करावेत. टीकेचं मोहोळ उठलं आणि योजना बारगळली, पण विचार मेला नाही. 1967 मध्ये अमेरिकी वाहतूकतज्ज्ञ डेव्हिड योकिनेन यांनी रस्ते-वाहतुकीच्या बाजूच्या एका संस्थेसाठी आराखडा केला. त्यात जुन्या शहराला वेढणाऱ्या सिंगलग्राख्तच्या जागी सहापदरी मार्ग होता, आणि 'द पाइप' नावाच्या एकोणिसाव्या शतकातल्या कामगार वस्तीवर कुदळ पडणार होती. हे काही कुणा वेड्याचं स्वप्न नव्हतं. त्या काळात जगभरच्या नगरपालिका असेच आराखडे मंजूर करत होत्या.

द पाइपमधल्या लोकांना आराखड्याची वाट पाहायची गरजच पडली नाही. मोटारी आधीच दारात आल्या होत्या. अरुंद रस्ते, दोन्ही बाजूंना फुटपाथवर चढवून लावलेल्या गाड्या, बागा जवळपास नाहीत, आणि चाळीसारख्या उंच घरांतून खाली येणारी शेकडो मुलं. 1972 मध्ये डच दूरचित्रवाणीने इथल्या एका शाळेच्या वर्गावर माहितीपट केला. मुलांची मागणी साधी होती: खेळायला एक रस्ता द्या. ती घरोघर जाऊन सह्या गोळा करतात, नकाशे काढतात, शेवटी अडथळे ओढून आणून रस्ता बंद करतात. एक मोटारवाला गाडीतून उतरतो, चिडून अडथळा बाजूला फेकतो. मोठी माणसं मध्ये पडतात आणि धक्काबुक्की होते. एका बाजूला रस्ता हवा असलेला गृहस्थ, दुसऱ्या बाजूला त्याच रस्त्यावर राहणारी माणसं. भांडण नेमकं कशाचं होतं हे त्या दोन-तीन मिनिटांत दिसतं, तितकं कुठल्याही सरकारी अहवालात दिसत नाही.

खेळाची जागा हा त्यातला सौम्य भाग. 1971 मध्ये नेदरलँड्सच्या रस्त्यांवर 3,000 हून जास्त माणसं मेली. त्यांत 400 हून जास्त मुलं होती. विक लांगेनहोफ हे 'डे टाइड' या वृत्तपत्राचे पत्रकार. त्यांची लहान मुलगी सायकलने शाळेत जाताना मोटारीखाली गेली. सप्टेंबर 1972 मध्ये त्यांनी आपल्या पत्रात लेख लिहिला आणि त्याला मथळा दिला: 'बालहत्या थांबवा'. मुलं मरतात ती नशिबाने मरत नाहीत, रस्ता कसा बांधायचा हे ठरवणाऱ्यांच्या निर्णयामुळे मरतात, असं त्यांचं म्हणणं होतं. मथळ्याचंच नाव घेऊन संघटना उभी राहिली. पहिल्या अध्यक्ष मार्टये फान पुटेन, तेव्हा ॲम्स्टरडॅममधली एक तरुण आई, पुढे युरोपीय संसदेच्या सदस्य झाल्या. या लोकांनी अपघाताच्या जागा अडवल्या, रस्ते बंद करून मुलांना खेळायला सोडलं, सायकली घेऊन पंतप्रधान योप डेन आउल यांच्या घरासमोर जाऊन गाणी म्हटली. आयांनी मुलांना पुढे घालून केलेलं हे आंदोलन मोडून काढणं कुठल्याही सरकारला अवघड गेलं असतं.

नशिबाने वेळही साधली. ऑक्टोबर 1973 मध्ये अरब देशांनी तेल रोखलं आणि 4 नोव्हेंबरपासून डच सरकारने रविवारी मोटारींना बंदी केली. महामार्गांवर लोक चालले, सायकली आणि रोलर स्केट्सवर फिरले. काही आठवडेच हे चाललं, पण मोटारीविना रस्ता कसा दिसतो हे सगळ्या देशाने डोळ्यांनी पाहिलं. डेल्फ्टमध्ये तर रहिवासी आणि पालिकेचे अभियंते यांनी साठच्या दशकाच्या अखेरीपासूनच गल्ल्यांची रचना बदलायला घेतली होती. फुटपाथ आणि रस्ता यांच्यातली पायरी काढायची, झाडं आणि बाक मध्येच आणून ठेवायचे, गाडीला चालत्या माणसाच्या वेगाने जायला लावायचं. 1976 मध्ये या 'वूनएर्फ' गल्ल्यांना कायद्यात स्थान मिळालं.

उत्तरेकडच्या ग्रोनिंगनने 1977 च्या सप्टेंबरात आणखी धीट पाऊल टाकलं. माक्स फान डेन बेर्ख हे तिथले डाव्या विचारांचे नगरशासक. पद मिळालं तेव्हा वय अवघं 24. त्यांच्या योजनेत शहराच्या केंद्राचे चार भाग पाडले गेले आणि एका भागातून दुसऱ्यात मोटारीने थेट जाता येईना. बाहेरच्या वळणरस्त्याने वळसा घालूनच जावं लागे. सायकलला आणि चालणाऱ्याला मात्र कुठेच अडकाठी नाही. दुकानदार खवळले, धंदा बुडणार म्हणाले. बदल रातोरात अमलात आला. आज शहरातल्या निम्म्याहून जास्त फेऱ्या सायकलने होतात.

आता न्यूमार्क्टकडे परत यायला हवं, कारण सगळ्यात कडवी लढाई तिथे झाली आणि ती रहिवासी हरले. निदान त्या दिवशी तरी.

ॲम्स्टरडॅमच्या नगरसभेने 1968 मध्ये भुयारी मेट्रोला मंजुरी दिली. मेट्रो तशी लोकांच्या सोयीचीच गोष्ट. अडचण जमिनीत होती. हे शहर दलदलीवर, लाकडी खांबांवर उभं आहे. डाम चौकातल्या राजवाड्याखालीच 13,659 खांब आहेत. अशा जमिनीत भुयार खोदण्याऐवजी अभियंत्यांनी दुसरा मार्ग काढला. काँक्रीटचे प्रचंड पोकळ ठोकळे जमिनीवरच बांधायचे, त्यांच्या तळाखालची माती पाण्याच्या झोताने सैल करून उपसत राहायची आणि ठोकळा हळूहळू खाली बसवायचा. काम बिनचूक, पण वर जे काही उभं आहे ते आधी पाडावं लागणार. आणि पाडलंच आहे तर वरून चारपदरी रस्ताही नेऊ, असा हिशेब. हा रस्ता सिंट आन्टोनीसब्रेस्ट्रातमधून जाणार होता.

याच रस्त्यावर 'हाउस द पिंटो' आहे. सतराव्या शतकात पोर्तुगालहून आलेल्या ज्यू घराण्यातल्या द पिंटो या सावकाराने ते घेतलं आणि पुढे त्याला इटालियन धाटणीचा दर्शनी भाग चढवला गेला. रुंदीकरणाच्या रेषेत ते बरोबर मध्ये येत होतं. जुन्या इमारतींसाठी झटणारे लोक आणि वस्तीतले तरुण या घरापाशी एकत्र आले. इथे त्या दोन नजरा जुळल्या. यान फेथ यांचे वारस म्हणावेत असे सौंदर्यप्रेमी, आणि ज्यांना राहायला परवडणारं घर हवं होतं असे विद्यार्थी, कामगार, म्हातारेकोतारे. रिकामी, पाडायला काढलेली घरं तरुणांनी ताब्यात घेतली, छपरं दुरुस्त केली, चुली पेटवल्या. 1972 मध्ये नगरसभेने चारपदरी रस्ता रद्द केला. द पिंटोंचं घर वाचलं, नीट केलं गेलं आणि पुढे कित्येक वर्षं तिथे वस्तीचं वाचनालय होतं.

मेट्रो मात्र रद्द झाली नाही. 24 मार्च 1975 रोजी पोलीस घरं रिकामी करायला आले. रहिवाशांनी गल्ल्या अडवल्या होत्या, दारं आतून ठोकून बंद केली होती, समोरासमोरच्या घरांना जोडणारा झुलता पूलही बांधला होता. पाण्याचे फवारे, अश्रुधूर, वरून फेकलेले रंगाचे डबे आणि दगड. दिवसभर हे चाललं. घरं पाडण्याचं समर्थन करणारे नगरशासक हान लामर्स मजूर पक्षाचे, म्हणजे एरवी याच लोकांच्या बाजूचे. महापौर इव्हो सामकाल्डेन स्वतः ज्यू. ज्या गल्ल्यांतून तीस वर्षांपूर्वी ज्यूंना ओढून नेलं, तिथे पुन्हा पोलीस घरं रिकामी करत होते, ही गोष्ट त्या दिवशी कुणाच्याही मनातून सुटली नसेल. घरं पडली. 1977 मध्ये मेट्रो धावू लागली आणि न्यूमार्क्टखालून जाणारा टप्पा 1980 मध्ये सुरू झाला.

तरीही त्या दंगलीने शहर बदललं. मेट्रोच्या आखलेल्या बाकीच्या मार्गिका गुंडाळल्या गेल्या. पाडलेल्या जागी रुंद रस्ता झाला नाही. आल्डो फान आइक आणि तेओ बॉस यांच्या आराखड्यानुसार जुन्या गल्लीचीच वळणं धरून परवडणाऱ्या भाड्याची घरं उभी राहिली. न्यूमार्क्टच्या भुयारी स्थानकात आजही भिंत फोडणारा लोखंडी गोळा आणि आंदोलनाची छायाचित्रं लावलेली आहेत. आपल्याविरुद्ध लढलेल्या लोकांचं स्मारक त्याच कामाच्या भिंतीवर करायला पालिकेला मोठं मन लागतं, आणि त्याचं श्रेय तिला द्यायलाच हवं.

उट्रेख्तची गोष्ट याच काळात उलट्या दिशेने गेली. जुन्या शहराभोवती तिथेही सिंगल, म्हणजे पाण्याचा खंदक, साधारण सहा किलोमीटरचा. 1958 मध्ये जर्मन तज्ज्ञ माक्स एरिख फॉइश्टिंगर यांनी तो बुजवून वर्तुळाकार रस्ता करायचा सल्ला दिला. केंद्र सरकारने खंदकाला संरक्षण दिलं, तरी 1969 ते 1973 या काळात पश्चिमेचा भाग बुजलाच. तिथे खोलगट महामार्ग झाला, शेजारी 'होख काथारेना' हे विशाल खरेदी-संकुल 1973 मध्ये उघडलं. पुढची पंचवीस वर्षं स्टेशनातून बाहेर पडणाऱ्या उट्रेख्तकराला आपलं शहर शोधत जावं लागे. चीड साठत गेली. 1997 मध्ये 'राहण्याजोगं उट्रेख्त' अशा अर्थाच्या नावाचा स्थानिक पक्ष निघाला. गायक हेंक वेस्टब्रूक त्याच्या पुढाऱ्यांपैकी एक. 2000 च्या निवडणुकीत तो नगरसभेतला सगळ्यात मोठा पक्ष झाला. 2002 मध्ये सार्वमत घेतलं गेलं आणि नागरिकांनी पाणी परत आणणारा आराखडा निवडला. महामार्ग उकरला गेला, तळ खणला गेला, आणि 12 सप्टेंबर 2020 रोजी खंदकाचं वर्तुळ पुन्हा पूर्ण झालं. त्या दिवशी लोकांनी होड्यांतून शहराला फेरी मारली.

या यशाची एक कडू बाजू आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही. वाचलेली शहरं महाग झाली. योर्दानमधल्या ज्या खोल्यांत एकेकाळी आठ-आठ माणसं कोंडलेली असत, त्या खोल्यांची घरं आज सामान्य पगारदाराच्या आवाक्याबाहेर आहेत. न्यूमार्क्टच्या पोरांनी रिकाम्या घरांत घुसून ती वाचवली. 1 ऑक्टोबर 2010 पासून नेदरलँड्समध्ये रिकाम्या घरांचा असा ताबा घेणं गुन्हा आहे. रस्ता मुलांना मिळाला, पण त्या रस्त्यावर राहू शकणारी मुलं बदलली. घरभाड्याचा प्रश्न सोडवल्याशिवाय जुनं शहर वाचवण्याचं काम अर्धंच राहतं, हे डच नगरपालिकांनी अजून पुरतं मनावर घेतलेलं दिसत नाही.

ॲम्स्टरडॅमला नवी मेट्रो पुन्हा हवीशी वाटली तेव्हा 1997 मध्ये सार्वमत झालं. मत देणाऱ्यांपैकी सुमारे 65 टक्के विरोधात होते, पण ठरलेली मर्यादा गाठण्याइतके लोक मतदानाला आले नाहीत आणि काम पुढे गेलं. या वेळी अभियंत्यांना घरं पाडण्याचा पर्याय खुला नव्हता. भुयार शहराच्या पोटात खोलवर, शक्यतो रस्त्यांची रेषा धरून यंत्राने खोदावं लागलं. 2008 मध्ये फेझलग्राख्तवर सतराव्या शतकातल्या विणकरांच्या घरांखालची जमीन खचली, घरं काही सेंटिमीटर खाली गेली, आणि काम थांबलं. घरं पाडली नाहीत. आधार देऊन दुरुस्त केली. 22 जुलै 2018 पासून ती मार्गिका सुरू आहे. अंदाजाच्या दुपटीहून जास्त, 3 अब्ज युरोंच्या वर खर्च आला.